जुन्या तलावाचा गाळ

रागाच्या बाबतीत मी बापावर गेलो आहे, असं मी एके काळी छाती फुगवून सांगायचो. बाप जातीने ढीवर, म्हणजे मासेमार, पण तलाव सोडून तो नाकाडोंगरीजवळच्या मँगनीजच्या खाणीत बार उडवणाऱ्या टोळीत लागला होता; मासे आता फक्त सुटीला मारायचा. एका सुटीच्या दिवशी त्याने सुरुंगाचं एक नळकांडं कमरेला खोचलं, मला बखोटीला धरलं आणि बावनथडी नदीच्या डोहावर नेलं. बत्ती लावून त्याने ते पाण्यात फेकलं. दणका असा बसला की माझ्या कानांत कितीतरी वेळ घंटा वाजत होती. मग पाण्यावर एकेक करून पांढरी पोटं वर यायला लागली. मोठी मरळ, रोहू, आणि त्यांच्याभोवती बोटाएवढी शेकडो पिल्लं. बापाने मोठे मासे उचलले. "बारके काहून मारले?" मी विचारलं, तर त्याने माझ्या कानाखाली आवाज काढला. घंटा आधीच वाजत होती, त्यामुळे मला तो नीट ऐकू आला नाही.

घरी आल्यावर मायने मासे रांधले. मीठ कमी पडलं म्हणून बापाने पळी फेकून मारली आणि मायचा खालचा एक दात पडला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या, म्हणून त्या मला अजून एकत्रच आठवतात.

शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायला तयार नसे. "याचा चिखलाचा वास येऊन राहिला," असं एक जण गुरुजींसमोर म्हणाला. मी पाटी त्याच्या कपाळावर फोडली. गुरुजींनी मला झोडपलं, घरी बापाने झोडपलं, आणि त्या दिवसापासून मी दोनदा आंघोळ करायला लागलो. ढिवराच्या घरचा वास मी अंगावरून घासून काढणार होतो. तलावाकडे फिरकायचं नाही, जाळं हातात धरायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं.

पुढे मी आयटीआय केलं, फिटर झालो आणि सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा वरठीला एका कारखान्यात लागलो. स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बाप वारला होता, माय माझ्याकडे राहायला आली. लग्न झालं. बायको आंधळगावच्या पलीकडच्या एका खेड्यातली, जातीतलीच. तिचे वडील गावच्या जुन्या तलावावर मासेमारी करत आणि शेतात स्वतः खोदलेल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, माशांची पिल्लं वाढवत. लग्नात त्यांच्या हाताला तोच वास येत होता. मी पाया पडलो तेव्हा श्वास रोखून धरला होता.

एकदा मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेलो. बैठकीत काचेची पेटी होती. आत केशरी मासे फिरत होते, बारीक बुडबुडे वर जात होते, आणि पाणी असं नितळ की पेटी रिकामी आहे असं वाटावं. मी मुद्दाम जवळ जाऊन नाक लावलं. कसलाही वास नव्हता. मासे असूनही वास नाही! पंप राहिला बाजूला, मी तिथेच उभा राहिलो. ढिवराच्या पोराला घरात मासे ठेवता येतात आणि तरी कुणी नाक मुरडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या घरी ही पेटी पाहिजेच, असं मी मनाशी ठरवलं.

पेटी मी स्वतः बनवली. लोखंडी अँगल कापून, वेल्डिंग करून सांगाडा उभा केला. काचा कापून आणल्या, फटींत लांबी भरून बसवल्या, आठवडाभर सुकू दिल्या. अँगलचा हातभर तुकडा उरला, तो दाराआड उभा करून ठेवला. वैनगंगेची रेती आणून ती ब्लीचिंग पावडर टाकून सात पाण्यांनी धुतली. शेवटचं पाणी पिता येईल इतकं स्वच्छ निघालं. दिवाळी झाली आणि नागपूरला सीताबर्डीच्या एका दुकानातून हवेचा पंप आणि सहा गोल्डफिश आणले. पॅसेंजरमध्ये ती पिशवी मी मांडीवर अशी धरली होती की शेजारचा म्हातारा म्हणाला, "बाळंतिणीले घेऊन चालले का?"

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंडं वासायला लागले, कल्ले लाल झाले. पाचव्या दिवशी सकाळी सहाही पांढरी पोटं वर करून तरंगत होते. डोहात पाहिलं होतं तसंच.

आमच्या घरात एक रीत होती, अजून आहे. रात्रीचं पाणी सकाळी घरात राहत नाही. उठल्याबरोबर गुंडातलं, म्हणजे घागरीतलं, पाणी ओतून द्यायचं, गुंड राखेने घासायचा, विहिरीचं ताजं भरायचं. मायचा त्यात हात कुणी धरत नसे. मेलेले मासे पाहून ती म्हणाली, "शिळ्या पाण्यात ठेवशीन त मरतीनच. आपल्यात रातचं पाणी कुत्र्याले बी देत नाई. त्या मासोळ्यायनं का पाप केलं?"

मला ते पटलं. पटणारच, मी त्याच घरात वाढलो होतो. पेटी रिकामी केली, काचा राखेने घासल्या, रेती पुन्हा ब्लीचिंगने धुतली आणि नवे मासे आणले. आता रोज सकाळी सगळं पाणी बदलायचं, असा हुकूम काढला. ते मासे चार दिवस जगले.

तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. चुलीशी बसल्या बसल्या, माझ्याकडे न पाहता. "अवो, पाणी नवं हाये. नव्या पाण्यात मासोळी टिकत नाई. बाबा नवी बोडी खोदली का पयले जुन्या तलावाचा गाळ आणून टाकतेत. मंग मयनाभर थांबतेत, मंग पिल्लं सोडतेत."

"ही बोडी नाई," मी म्हणालो. "काच हाये काच. गाळ म्हणे."

तिने चुलीत लाकूड सारलं. तेवढ्यावर निभावलं असतं. पण पुढच्या आठवड्यात माझ्या खात्याचा फोरमन पेटी बघायला म्हणून चहाला आला. परत मासे आणले होते, परत पाणी पांढरं व्हायला लागलं होतं. फोरमन म्हणाला, "पाणी असं का दिसतंय हो?" मी काहीतरी ठोकून देणार, इतक्यात ही चहा घेऊन दारात आली आणि मोकळेपणाने म्हणाली, "आमच्या ढिवरायच्या घरी याले कच्चं पाणी म्हणतेत, साहेब. गाळ टाकला असता त पिकलं असतं."

फोरमन हसला. वाईट हसला नाही, साधंच हसला. चहा पिऊन गेला. मी दार लावलं आणि तिला मारलं. कप तिच्या हातातच होते, ते फुटले. आपण ढीवर आहोत हे कारखान्यात कुणाला ठाऊक नाही, असं मला वाटत होतं. वास्तविक तिथल्या कँटीनवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. पण त्या वेळी मला वाटलं, मी इतकी वर्षं घासून काढलेला वास हिने एका वाक्यात परत आणून माझ्या बैठकीत ठेवला.

माय आतून आली, फुटलेले तुकडे गोळा करता करता सुनेला म्हणाली, "तुह्या सासऱ्यानं माहा दात पाडला होता. हे त काईच नाई." तिने हे धीर द्यायला म्हटलं होतं. बायकोने वर पाहिलं आणि मला म्हणाली, "अजून एकडाव हात उचलसान त मी जाईन. सांगून ठेवतो."

मी हसलो. जाऊन जाऊन कुठे जाणार होती?

ते मासेही मेले. दुकानदाराने निळं औषध दिलं होतं, ते घातलं तर दोन दिवस आधीच मेले. माझा संताप आता पेटीवर, दुकानदारावर, विहिरीवर, सगळ्यांवर होता. कारखान्यात एका हेल्परची कॉलर धरली. एका सायकलवाल्याला रस्त्यात आडवा पाडला. घरी भाकर करपली तरी ताट भिंतीवर जायचं. मला राग यायला कारण लागायचं नाही, ते मागाहून शोधलं जायचं.

संक्रांतीला ती माहेरी गेली आणि चार दिवसांनी परतली. मी पुन्हा आठ मासे आणले. शेवटचे, असं म्हणून आणले. माझी रात्रपाळी लागली होती. सकाळी घरी येऊन मी झोपायचो, म्हणून पाणी बदलायचं काम तिला लावलं. "सगळं काढायचं. रेती घासायची. एक थेंब शिळा राहिला त याद राख," असं बजावलं.

आणि मासे जगले. पाच दिवस झाले, सात झाले, दहा झाले. दोन-तीन दिवस पाणी थोडं धुरकट वाटलं, मग आपोआप निवळलं. मासे रेती तोंडात घेऊन थुंकत होते, एकमेकांच्या मागे लागत होते. पंधराव्या दिवशी मी फोरमनला परत बोलावलं. "रोज ताजं पाणी, साहेब. स्वच्छता पाहिजे. बाकी काही नाही," असं मी त्याला ऐकवलं. बायको पलीकडे तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. तिच्या ओठांवर बारीक हसू होतं की नव्हतं, ते मी आजही सांगू शकत नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी पाळीवरून आलो तेव्हा मायने वर्तमानपत्रावर एक ओली पोटली ठेवली होती. जुन्या लुगड्याचा तुकडा, सुतळीने आवळलेला. "तुही बायको पाणी बदलतच नाई," माय म्हणाली. "एक बालटी काढते, एक बालटी टाकते. बाकी सारं शिळं. आणि हे पेटीतल्या दगडाखाली बांधून ठेवलं होतं. करणी हाये का काय, पाय."

करणीवर माझा विश्वास नव्हता. मी सुतळी सोडली. आत काळा, मऊ, लोण्यासारखा गाळ होता. तिने माहेरून तिळगुळाच्या डब्यात आणला असणार. मी तो नाकाशी नेला आणि ओळखला. पाटी फोडली होती त्या दिवशीचा वास. बापाच्या धोतराचा वास. एकोणीस दिवस तो माझ्या घरात होता आणि मी फोरमनला स्वच्छता शिकवत होतो.

तळपायाची आग मस्तकात गेली, असं म्हणतात. माझ्या बाबतीत मधे काहीच नव्हतं, ती सरळ हातात गेली. दाराआडचा अँगलचा तुकडा माझ्या हातात कधी आला ते कळलं नाही, असंही मी अनेक वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. मला कळलं होतं. मी दार ओढलं, वाकलो आणि तो उचलला. ती मोरीत भांडी घासत होती. तिने मला पाहिलं आणि तोंडावर डावा हात आडवा धरला. मी मारलं. आवाज आला. फिटरला धातूचे सगळे आवाज ओळखू येतात, हा धातूचा नव्हता.

पुढचं सांगायला मला त्याहून जास्त लाज वाटते. ती मोरीच्या दगडावर हात मांडीत घेऊन बसली होती, ओरडतही नव्हती, आणि मी पेटी धुतली. मासे बादलीत काढले. पाणी ओतलं. रेती अंगणात नेऊन ब्लीचिंगमध्ये भिजवली. काचा राखेने घासल्या. एक तास तरी मी ते करत होतो. मायने तिच्या हाताला हळद-चुन्याचा लेप लावला. मी मासे ताज्या पाण्यात सोडून मागे वळलो, तेव्हा ती चपला घालत होती. एका हाताने दुसरा हात धरून ती बसच्या थांब्याकडे चालत गेली. पिशवीसुद्धा घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आठही मासे मेले.

ते मी एकेक करून ओंजळीत काढले. फिटरला एक गोष्ट शिकवतात, यंत्र बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघ. मी पेटीसमोर खाली बसलो आणि पहिल्यांदा डोकं चालवलं. मी धुतलं तेव्हा चार-पाच दिवस. गाळ होता, धुतलं नाही, तेव्हा एकोणीस दिवस. पुन्हा धुतलं, दोन दिवस. हे समजायला ना साहेब लागत होता ना शाळा. ती बरोबर होती. पहिल्या दिवसापासून बरोबर होती, आणि बरोबर होती म्हणूनच मार खात होती. मी बापासारखा नव्हतो. बाप निदान खायला मासे मारायचा.

आठ दिवस मी गेलो नाही, हिंमत नव्हती. मग एका सकाळी सायकल काढली आणि मोहाडीवरून आंधळगाव, तिथून पुढे तिच्या गावी गेलो.

सासरे अंगणात जाळं विणत बसले होते. उठले. त्यांनी स्वतः लोट्यात पाणी आणून दिलं. "या जवाई, पाय धुवा." पंचा दिला. चहा दिला. मुलीच्या हाताबद्दल एक अक्षर नाही. आतल्या दाराशी ती उभी होती, हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. गावातल्या हाड बसवणाऱ्याने बांधल्या होत्या. मी तोंड उघडणार, तर सासरे म्हणाले, "चाला, तुमाले तलाव दाखवतो."

त्यांच्या डोंग्यात बसून आम्ही तलावाच्या मधोमध गेलो. तिथे त्यांनी वल्हं ठेवलं, माझी मान मागून धरली आणि माझं डोकं पाण्यात दाबलं. साठीचा माणूस, पण जाळी ओढून ओढून कमावलेला पंजा होता. मी हातपाय झाडले, डोंगा हलला, त्यांचा पंजा हलला नाही. नाकातोंडात पाणी गेलं. छाती फुटायला आली तेव्हा त्यांनी केस धरून मला वर काढलं.

"वास येते का, जवाई?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी चहा विचारल्यासारखा.

मला खोकल्याने बोलता येईना. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी पुन्हा दाबलं. या वेळी जास्त वेळ. मी मरणार, असं मला खरोखर वाटलं, आणि मरताना आपल्याला त्या अँगलचा आवाज ऐकू येतोय, असंही वाटलं.

"आता सांगा. येते का?"

"येते, मामाजी."

"येऊ द्या. जितं पाणी हाये, वास येणारच." त्यांनी खांद्यावरचा कोरडा पंचा काढून माझ्या हातात दिला. "पुसा. सर्दी होईन. तुमी आमचे जवाई हा, म्हणून दोनदाच बुडवलं."

काठावर ती उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. उजव्या हातात पळसाच्या पानांत बांधलेला गाळ होता, तो तिने माझ्यापुढे धरला. "हा रेतीत मिसळा," ती म्हणाली. "मासोळी टाकू नका. मासोळी हाये असं समजून रोज चिमूटभर कोंडा टाका. दीड मयना काई धुवू नका, काई घासू नका. मंग दोनच मासोळ्या आणा. त्या पंधरा दिवस जगल्या का निरोप धाडा, मी येऊन पायीन. राहीन का नाई, ते आज नाई सांगत."

मी पेटी भरली. माझ्यासारख्या माणसाला त्या दीड महिन्यापेक्षा मार परवडला असता. आठवड्याने पाणी पांढरं झालं, मग पिवळसर, मग नाल्यासारखा वास सुटला. काचेवर तपकिरी साय धरली. पेटीत एकही मासा नाही आणि मी रोज कोंडा टाकतोय. शेजारचे हसायचे. एका सकाळी मायने लोटा भरून ते पाणी फेकायला घेतलं. मी तिचं मनगट पकडलं. जोरात पकडलं. माय एकदम डोळे मिटून उभी राहिली, मान खांद्यात घालून, पळी येण्याची वाट बघत असल्यासारखी. नवरा मरून इतकी वर्षं झाली होती. मी मनगट सोडलं, अंगणात गेलो आणि खूप वेळ आत आलो नाही. मला रडू आलं होतं.

भंडाऱ्याच्या वाचनालयात एका पुस्तकात मला पुढे याचं कारण सापडलं. माशांच्या घाणीतून पाण्यात एक विष तयार होतं. ते खाऊन टाकणारे डोळ्यांना न दिसणारे जंतू रेतीत, दगडांवर, सायीत राहतात. एक जात त्या विषाचं दुसरं विष करते, दुसरी जात त्याचं निरुपद्रवी खत करते. नव्या पाण्यात हे जंतू नसतात, त्यांची वस्ती बसायला आठवडे लागतात, आणि जुन्या तलावाच्या गाळात ते आयते मिळतात. राख आणि ब्लीचिंगने मी दर वेळी त्यांचीच कत्तल करत होतो. पाणी सारं बदलायचं नसतं. थोडं काढायचं, तेवढंच घालायचं, आणि विहिरीत ब्लीचिंग टाकलं असेल तर ते पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच. तिने बादली-बादलीने नेमकं हेच केलं होतं.

होळी झाली आणि एक दिवस पाणी निवळलेलं दिसलं. नितळ, पण रिकामं वाटत नव्हतं. वास होता, पावसाच्या आधी शेताला येतो तसा, हलका. मी दोन मासे आणले. उन्हाळा तापायला लागला होता, पेटीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. दिवस मोजले. पंधराव्या दिवशी आंधळगावच्या बसमधून निरोप धाडला.

चैत्रात ती आली, वडिलांबरोबर. आधी माझ्याकडे पाहिलं नाही, पेटीकडे गेली. वाकली, नाक पाण्याजवळ नेलं. "पिकलं पाणी," वडिलांना म्हणाली. सासऱ्यांनी मान हलवली आणि दुपारच्या बसने ते एकटेच परत गेले. ती राहिली. डावा हात कोपराखाली वाकडाच जुळला होता. त्या हाताने तिला भरलेला गुंड कधीच उचलता आला नाही, पाणी मी भरायला लागलो.

त्यानंतर मी तिच्यावर हात उचलला नाही. हे मी चारचौघांत सांगायचो, एखादं पदक दाखवावं तसं. पेटीही जगली. ऐंशीच्या दशकात आमच्या वस्तीत ती प्रसिद्ध झाली. ज्याने नवी पेटी केली तो माझ्याकडे रेती मागायला यायचा आणि मी मूठभर जुनी रेती कागदात बांधून द्यायचो, सोबत ऐटीत उपदेशही करायचो. घाई करू नका, धुवू नका, पाण्याला वेळ द्या. मासे दोनाचे दहा झाले होते आणि माणसाळले होते. मी पेटीजवळ जाऊन नुसता हात वर केला की सगळे एका कोपऱ्यात गोळा होऊन तोंडं वर काढायचे. माझा हात म्हणजे खाणं, हे त्यांना महिनाभरात कळलं होतं. आलेल्या-गेलेल्यांना मी तो खेळ करून दाखवायचो.

ती परतली त्याला पाचेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. दुपार होती. ती पेटीशेजारी बसून लसूण सोलत होती. मला मासे दिसले, लाड आला, आणि झाकण काढायला मी झटकन हात वर केला. मासे वर आले, सगळे, एकमेकांना ढकलत. आणि तिने सोललेला लसूण सांडून तो वाकडा हात तोंडावर आडवा धरला.

मासे तोंडं उघडून वाट बघत होते, ती हाताआड डोळे मिटून बसली होती, आणि मी हात वर धरून तसाच उभा होतो. तो खाली कसा आणावा, ते मला कळेना.